मेघालयातील गुहेत सापडलेला नेत्रहीन छद्मविंचू : वर्णनाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : मेघगुहा

नमस्कार. मी प्राणिशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी असून मेघालयातील जैंतिया टेकड्यांमधील चुनखडीच्या गुहांत राहणाऱ्या अष्टपाद प्राण्यांवर काम करते. गेल्या फेब्रुवारीत एका गुहेत, तोंडापासून सुमारे ४०० मीटर आत, पुराच्या पाण्याने वाहून आणलेल्या कुजक्या बांबूखाली मला दोन छद्मविंचू मिळाले. तेथे दिवसाचा उजेड मुळीच पोहोचत नाही आणि हवा इतकी दमट असते की नोंदी लिहिता लिहिता वहीचे पान ओले होते. तिसरा नमुना त्याच गुहेच्या तोंडाबाहेरचा पालापाचोळा चाळताना हाती लागला. गावाच्या दरबाराची (पारंपरिक ग्रामसभेची) आणि वनखात्याची लेखी परवानगी घेऊनच हे नमुने गोळा केले आहेत. गुहेचे नाव मात्र मी येथे मुद्दाम देत नाही.

ज्यांना हा प्राणी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. छद्मविंचवाला विंचवासारखे दोन चिमटे असतात, पण शेपूट नसते आणि नांगीही नसते. बहुतेक जाती दोन ते चार मिलिमीटरच्या आत बसतात. जगभरात चार हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. जुन्या पुस्तकांच्या पानांत कधी कधी दिसणारा प्राणी याच गणातला. पुढील मजकुरात ‘वंश’ आणि ‘जाती’ हे शब्द मी वर्गीकरणातील दोन लगतच्या पातळ्यांसाठी वापरत आहे; वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट.

गुहेतील दोन नमुन्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणते, बाहेरच्याला ‘क’. ‘अ’ आणि ‘ब’ दोघांनाही डोळे नाहीत, रंग फिकट पिवळसर आहे आणि चिमटे अतिशय सडपातळ आहेत. नेत्रिकेतील मोजपट्टीने घेतलेल्या मापांनुसार ‘अ’च्या चिमट्याची लांबी ०.७८ मिमी व रुंदी ०.१३ मिमी आहे, म्हणजे गुणोत्तर ६.० येते. ‘ब’ची लांबी ०.९६ मिमी व रुंदी ०.१५ मिमी, गुणोत्तर ६.४. त्याचा उजवा चिमटा तुटलेला आहे, डावा शाबूत आहे. ‘क’ला डोळे आहेत, चिमटा आखूड आहे (०.५२ मिमी व ०.१२ मिमी, गुणोत्तर ४.३) आणि रंग तांबूस तपकिरी आहे.

माझा खरा गोंधळ ‘अ’बाबत आहे. छद्मविंचवांच्या चिमट्याच्या बोटांवर ट्रायकोबोथ्रिया नावाचे लांब संवेदी केस असतात आणि त्यांची संख्या सामान्यतः बारा असते, असे मी वाचले आहे. ‘अ’च्या स्थिर बोटावर सात आणि चल बोटावर तीन, असे दहाच केस मला दिसतात. तीनदा मोजले, दोन्ही चिमट्यांवर तोच आकडा आला. डोळे नाहीत, केसही दोन कमी. तर हा नवा वंश असू शकेल का? वर्णन लिहायला घ्यायचे तर ‘अ’ हाच सर्वांत सुस्थितीतील नमुना असल्याने त्यालाच होलोटाइप (नव्या जातीचे नाव ज्याच्याशी कायमचे जोडले जाते तो एक नमुना) करावे, असा माझा विचार आहे. ‘क’ दिसायला अगदी वेगळा असल्यामुळे तो सध्या बाजूला ठेवला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : अष्टपाद

तुम्ही मापे आणि केसांची संख्या दिलीत, हे फार चांगले केलेत. केवळ छायाचित्र असते तर मला काहीच सांगता आले नसते. पण सात आणि तीन हे आकडे वाचताच मला थांबावेसे वाटले. होलोटाइपचा विचार कृपया काही काळ बाजूला ठेवा.

छद्मविंचू प्रौढ होण्यापूर्वी तीन अपक्व अवस्थांतून जातो. प्रत्येक वेळी कात टाकताना संवेदी केसांची संख्या वाढते आणि ती ठरावीक क्रमाने वाढते: पहिल्या अवस्थेत स्थिर बोटावर तीन व चल बोटावर एक, दुसऱ्या अवस्थेत सहा व दोन, तिसऱ्या अवस्थेत सात व तीन, आणि प्रौढात आठ व चार. तुमच्या ‘अ’चा आकडा तिसऱ्या अपक्व अवस्थेशी तंतोतंत जुळतो. म्हणजे तो बहुधा नव्या वंशाचा प्रौढ नसून एकदा कात टाकायची राहिलेले पिल्लू आहे. खात्री करून घ्यायची असेल तर पोटाकडून दुसऱ्या-तिसऱ्या खंडांपाशी पाहा. प्रौढाला तेथे जननछिद्र आणि त्याभोवती विशिष्ट मांडणीचे केस असतात. तिसऱ्या अवस्थेतील पिल्लात ती रचना तयार झालेली नसते. ‘ब’च्या शाबूत चिमट्यावर बारा केस मिळाले, तर तुमच्या हाती निदान एक प्रौढ आहे.

बारा ही संख्याही सर्व कुलांना (कुल म्हणजे वंशाच्या वरची पातळी) लागू नाही, हे येथेच सांगून ठेवतो. आग्नेय आशियातील गुहांमध्ये मिळणारा ‘धनुस’ हा वंश ज्या आयडिओरॉन्सिडे कुलात येतो, त्यात बोटांवरील केस बारापेक्षा बरेच जास्त असतात. त्यामुळे केवळ संख्येवर न थांबता प्रत्येक केस कोठे उगवला आहे ते पाहावे लागते. प्रत्येक केसाला त्याच्या जागेवरून नाव देण्याची आज सर्वत्र चालणारी पद्धत जोसेफ कॉनराड चेंबरलिन यांच्या १९३१ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाली. स्थिर बोटावरच्या आठांपैकी आयबी आणि आयएसबी हे दोन केस तुम्ही सर्वांत आधी शोधा. ते बोटावर न दिसता चिमट्याच्या फुगीर भागावर, म्हणजे तळव्याच्या पाठीवर, शेजारी शेजारी दिसले, तर प्राणी क्थोनिइडे किंवा त्याच्या निकटच्या कुलातला आहे, हे जवळजवळ निश्चित होते.

त्याला दुजोरा पायांवरून मिळेल. या गटात पहिल्या दोन जोड्यांच्या पायांना टोकाशी एकच गुल्फखंड असतो आणि मागच्या दोन जोड्यांना दोन असतात. निओबिसिइडे कुलात मात्र चारही जोड्यांना दोन-दोन खंड असतात. शिवाय क्थोनिइडे कुलात चिमट्याच्या बोटांत विषग्रंथी नसतात, तर निओबिसिइडेमध्ये विषनलिका फक्त स्थिर बोटात असते. लॅक्टिक आम्लात नमुना पारदर्शक झाला की ही नलिका बोटाच्या टोकाकडून आत जाताना स्पष्ट दिसते. ती पहिल्यांदा दिसते तेव्हा होणारा आनंद मी अजून विसरलेलो नाही.

आता नेत्रहीनतेकडे येतो, कारण या विषयात सर्वांत जास्त चुका तेथेच झाल्या आहेत. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ शियोट्ट यांनी १८४७ साली स्लोव्हेनियातील पोस्टोयना गुहेतून ‘ब्लोथ्रस स्पेलिअस’ या छद्मविंचवाचे वर्णन केले. सडसडीत, डोळे नसलेला, लांबलचक चिमट्यांचा हा प्राणी उजेडातल्या सोयऱ्यांहून इतका वेगळा दिसला की त्याच्यासाठी स्वतंत्र वंश उभारला गेला. पुढे बाल्कन भागातील गुहांतून तसे आणखी अनेक मिळाले आणि ब्लोथ्रस हा निओबिसियम या वंशाचा उपवंश म्हणून गणला जाऊ लागला. कारण चिमट्यावरील केसांची मांडणी, जबड्यांची रचना, पायांचे खंड ही सारी लक्षणे निओबिसियमचीच होती. अंधार, ओलावा आणि अन्नाचा तुटवडा जेथे जेथे असतो तेथे डोळे जाणे, रंग फिका पडणे आणि अवयव लांबणे हे पुन्हा पुन्हा, एकमेकांशी संबंध नसलेल्या कुळ्यांत घडते. म्हणून ही लक्षणे प्राणी कोठे राहतो ते सांगतात; तो कोणाचा नातेवाईक आहे ते सांगत नाहीत.

एवढेच नव्हे, तर डोळे नसणे हा गुहावासाचा पुरावाही होत नाही. मातीच्या खोल थरांत राहणाऱ्या क्थोनिइडे कुलातील कित्येक जातींना डोळे नसतात, पण त्यांचे शरीर लहान आणि अवयव आखूड राहतात, कारण मातीच्या चिंचोळ्या फटींतून लांब चिमटे घेऊन फिरता येत नाही. डोळ्यांचा अभाव आणि लांबलेले अवयव या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच खऱ्या गुहावासीपणाचा विचार करावा. तुमच्या ‘ब’मध्ये त्या एकत्र दिसतात. तरीही १९०७ साली एमिल राकोविट्सा यांनी पक्के केलेले गुहावासी, गुहाप्रिय आणि गुहाभ्यागत हे भेद एका नमुन्यावरून ठरवता येत नाहीत. प्राणी गुहेबाहेर मुळीच मिळत नाही, हे दाखवायला बाहेरही तितक्याच चिकाटीने शोधावे लागते.

आणि म्हणूनच ‘क’ बाजूला ठेवू नका. माझ्या मते तुमच्या तिन्ही नमुन्यांत सर्वांत मोलाचा तोच आहे. गुहेतील प्राण्याची तुलना हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या गुहावासीयाशी करण्यापेक्षा त्याच टेकडीवरच्या पालापाचोळ्यातील जातीशी आधी केली पाहिजे. चिमट्याचे गुणोत्तर आणि डोळे सोडून द्या. पृष्ठकवचावरील केसांची संख्या व रांगा, खंडांवरील केसांचे सूत्र, पायांच्या कॉक्सांवरील (शरीराला जोडलेल्या पहिल्या खंडांवरील) काटे आणि बोटांवरील दातांची ठेवण यांत ‘ब’ आणि ‘क’ जुळतात का, ते पाहा.

पाहण्याची पद्धतही सांगतो. नमुना सरळ काचपट्टीवर ठेवून वर आच्छादन काच टाकली तर तो चेपतो, चिमटा रुंदावतो आणि गुणोत्तर बिघडते. जुन्या कायमच्या काचपट्ट्यांवरील मापे आजच्या मापांशी जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे चेपणे आहे. नमुना काही तास ते एखादा दिवस सामान्य तापमानाला लॅक्टिक आम्लात ठेवून पारदर्शक होऊ द्यावा, मग खळगा असलेल्या काचपट्टीवर त्याच द्रवात घ्यावा आणि आच्छादन काचेखाली मासेमारीच्या नायलॉन दोरीचे बारीक तुकडे टेकू म्हणून ठेवावेत. ०.२५, ०.३५ आणि ०.५० मिमी जाडीची दोरी जवळ असली की शरीर, चिमटा आणि जबडा या प्रत्येकासाठी योग्य उंची साधते. काच हलकेच सरकवली की चिमटा लोळतो आणि सगळ्या बाजूंनी पाहता येतो. काम झाल्यावर नमुना धुऊन पुन्हा ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि सुटे केलेले अवयव त्याच बाटलीत छोट्या नळीत ठेवा. जनुकीय कामासाठी मात्र एखादा पाय आधीच काढून पूर्ण अल्कोहोलमध्ये, थंडीत जपून ठेवा.

उत्तर २ : सह्यकडा

अष्टपाद सरांच्या उत्तरात वर्गीकरणाच्या बाबतीत भर घालण्याएवढा माझा अधिकार नाही. मी सह्याद्रीत भटकतो आणि वटवाघळांच्या वसतिस्थानांच्या नोंदी ठेवतो, त्या अनुभवातून एक मुद्दा मांडतो आणि एक प्रश्न विचारतो.

महाराष्ट्रात चुनखडीच्या मोठ्या गुहा फारशा नाहीत. आपल्याकडे ‘गुहा’ म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती लेणी. ती बेसाल्टमध्ये माणसाने कोरलेली आहेत आणि त्यांतली सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. काही लेण्यांच्या आतल्या, कोणी न जाणाऱ्या खोल्यांत वटवाघळांच्या विष्ठेचा जाड थर साचलेला असतो. त्या थराचा मूठभर भाग पांढऱ्या ताटात पसरून दहा मिनिटे शांत बसले की प्रथम माइट हलू लागतात, मग झुरळांची पिल्ले आणि एखाद्या वेळी चिमटे पुढे धरून उलट्या पावली मागे सरणारा छद्मविंचू दिसतो. मला आजवर दिसलेले सगळे दणकट, तपकिरी आणि जाडजूड चिमट्यांचे होते. विष्ठेत अन्नाची कमतरता नसते, तेव्हा अवयव लांबण्याचे कारणही तेथे नसावे, असे मला वाटते. माझा अंदाज बरोबर आहे का?

प्रश्न असा की, मानवनिर्मित लेणी खऱ्या गुहावासी जातींसाठी वयाने फारच तरुण असतील, तर बेसाल्टच्या प्रदेशात अशा जाती शोधण्यात अर्थ आहे का?

उत्तर ३ : अष्टपाद

सह्यकडा, तुमचा अंदाज बरोबर आहे. विष्ठेतील दणकट छद्मविंचू पुष्कळदा चेर्नेटिडे कुलातले असतात. त्यांपैकी मेगाचेर्नेस हा वंश आशियात सस्तन प्राण्यांच्या अंगावर आणि वटवाघळांच्या विष्ठेत मिळतो. ते गुहेत सुखाने राहतात, पण गुहेबाहेरही जगू शकतात. तरीही त्यांच्या नोंदी ठेवणे थांबवू नका, कारण आपल्या लेण्यांतील या प्राण्यांकडे फार थोड्यांनी निगुतीने पाहिले आहे.

बेसाल्टबद्दल तुमचा प्रश्न मला विशेष आवडला. शोधण्यात निश्चित अर्थ आहे. हवाई बेटे संपूर्ण ज्वालामुखीजन्य आहेत आणि तेथील लाव्हाच्या नळ्यांतून विल्यम मचमोर यांनी १९७९ साली टायरानोक्थोनियस होवार्थी ही नेत्रहीन जाती वर्णिली. गुहा चुनखडीचीच हवी असे नाही. माणूस जाऊ शकेल एवढी मोठी हवी असेही नाही. छद्मविंचवाला दोन-चार मिलिमीटरची, कायम ओली आणि अंधारी फट पुरते. १९८० साली क्रिस्त्यां ज्युबेर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरउतारावरील दगडगोट्यांमधील अशा पोकळ्यांच्या जाळ्याला स्वतंत्र अधिवास म्हणून ओळख दिली. कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथे तर ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे एकमेकांवर कोसळून झालेल्या पोकळ्यांतून पॅरोबिसियम योसेमिटी ही जाती मिळाली आणि २०१० साली तिचे वर्णन झाले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील लोहखनिजाच्या पट्ट्यात कोणतीही गुहा दिसत नसताना खाणपूर्व तपासणीच्या कूपनलिकांत सापळे सोडून नेत्रहीन क्थोनिइडे मिळवले गेले आहेत. सह्याद्रीच्या कड्यांखाली, बारमाही झऱ्यांजवळ, दगडांच्या राशीत खोल पुरलेले सापळे काय दाखवतील, हे पाहण्याची माझी स्वतःची फार इच्छा आहे.

पुढील नोंद : मेघगुहा

सर, आपण सांगितल्याप्रमाणे तिन्ही नमुने पुन्हा पाहिले. नायलॉन दोरीचा उपाय इतका उपयोगी पडला की आधीची सर्व मापे मी बाद केली आहेत. ‘ब’च्या चिमट्याची रुंदी चेपल्यामुळे थोडी जास्त आली होती, आता ती ०.१४ मिमी भरते आणि गुणोत्तर ६.९ होते.

‘अ’च्या पोटाकडे जननछिद्राची रचना नाही. तो अपक्व आहे, हे मला मान्य आहे. पूर्ण आठवडा मी एका पिल्लाला नवा वंश समजत होते आणि प्रबंधाचे एक प्रकरणही त्यावर बेतले होते. ते प्रकरण आता मागे घेतले आहे.

‘ब’ प्रौढ मादी आहे. स्थिर बोटाचे आठ आणि चल बोटावर चार केस आहेत. आयबी आणि आयएसबी ही जोडी तळव्याच्या पाठीवर आहे. पहिल्या दोन पायांना एक आणि मागच्या दोन पायांना दोन गुल्फखंड आहेत. विषनलिका कोठेही दिसत नाही. कॉक्सांवरचे काटे फक्त दुसऱ्या जोडीच्या पायांवर आहेत; तिसऱ्या जोडीवर नाहीत आणि कॉक्सांच्या मधला उंचवटाही नाही. पृष्ठकवचावर अठरा केस असून पुढून मागे त्यांच्या रांगा ६, ४, ४, २, २ अशा आहेत. चिमट्याचा तळवा बोटांकडे हळूहळू निमुळता होतो. सुरईसारखा फुगून एकदम आवळलेला नाही.

सर्वांत आश्चर्य ‘क’चे वाटले. डोळे आणि अवयवांची लांबी सोडली, तर पृष्ठकवचाचे सूत्र, काट्यांची जागा आणि संवेदी केसांची मांडणी यांत तो ‘ब’शी जुळतो. फरक दिसतो तो बोटांवरील दातांत: ‘ब’चे दात संख्येने जास्त, उंच आणि एकमेकांपासून दूर आहेत. माझ्या वाचनानुसार हे दोन्ही टायरानोक्थोनियस वंशात बसतात. आता दोन प्रश्न उरतात. ‘ब’ आणि ‘क’ एकच जाती आहेत की दोन? आणि हाताशी एकच मादी असताना वर्णन करावे का?

उत्तर ४ : नमुनापाल

मी एका संग्रहालयातील अष्टपादांच्या संग्रहाचे काम पाहतो. तुमचे निरीक्षण वाचून समाधान वाटले. वंशाच्या निश्चितीशी मी सहमत आहे. तळवा सुरईसारखा असता तर लॅजिनोक्थोनियसचा विचार करावा लागला असता. त्या वंशाच्या नावातच सुरई आहे आणि चीनच्या ग्वेइचौ प्रांतातील चुनखडीच्या गुहांतून अलीकडे त्याच्या बऱ्याच जाती वर्णिल्या गेल्या आहेत. दोन्ही वंश भारतातून ज्ञात आहेत. टायरानोक्थोनियसमध्ये जगभरात शंभराहून अधिक जाती असल्याने ‘माझी जाती वेगळी आहे’ हे सिद्ध करण्याचे काम मात्र मोठे आहे. त्यासाठी भारतापुरते आरंभस्थान मूर्ती आणि अनंतकृष्णन यांचा १९७७ सालचा भारतीय छद्मविंचवांवरील प्रबंध हे आहे. मॅक्स बायर यांच्या व्हिएन्नातील संग्रहावर आधारलेल्या आशियाई जातींच्या वर्णनांनाही पर्याय नाही. त्यांपैकी अनेक वर्णने आजच्या मानाने त्रोटक आहेत, म्हणून शक्य तेथे मूळ नमुन्यांची नवी छायाचित्रे त्या त्या संग्रहालयाकडून मागवा. शंका असलेल्या जातीचा मूळ नमुना न पाहता तिच्यापासून आपली जाती वेगळी ठरवणे मला धोक्याचे वाटते.

घाईचे परिणाम किती दूरवर जातात, याचे एक उदाहरण देतो. टेक्सासमधील ऑस्टिन शहराजवळच्या गुहांतील एका छद्मविंचवाचे वर्णन १९६९ साली विल्यम मचमोर यांनी मायक्रोक्रिएग्रिस टेक्साना या नावाने केले. मायक्रोक्रिएग्रिस हा वंश मुळात चीनमधील जातीवर उभारलेला, पण अनेक दशके निरनिराळ्या खंडांतील साधारण सारखे दिसणारे प्राणी त्यात टाकले जात होते. १९८८ साली अमेरिकेच्या संघीय सरकारने टेक्सासमधील पाच गुहावासी अपृष्ठवंशीय प्राण्यांना संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले, तेव्हा हा प्राणी त्याच नावाने यादीत होता. पुढच्याच वर्षी बोजिदार चुर्चिच यांनी अमेरिकी जातींची फेरमांडणी करताना त्याला टार्टारोक्रिएग्रिस या वंशात हलवले. जातीचे वर्णन मात्र टिकले आणि संरक्षणही टिकले, कारण मचमोर यांनी मूळ नमुना, त्याचे स्थळ आणि त्याची चित्रे नीट ठेवली होती. वंश पुढे बदलू शकतो. नमुना आणि त्याची नोंद यांत हयगय झाली तर मात्र पुढच्या माणसाला काहीच करता येत नाही.

आता नियमांबद्दल. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या २००० सालापासून लागू असलेल्या चौथ्या आवृत्तीनुसार, नव्या जातीच्या वर्णनात होलोटाइप स्पष्टपणे निश्चित करणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे ते लिहिणे बंधनकारक आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रकाशन होणार असेल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे झूबँक या नोंदवहीत आधी नोंद करावी लागते. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यातील कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नियुक्त भांडाराला कळवून तेथे नमुना जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी नियुक्त संस्था असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मेघालयातील नमुने मुख्यालयात, कोलकात्याला देणे सोयीचे होईल. १९२२ मध्ये गारो टेकड्यांतील सिजू गुहेची जी पाहणी स्टॅनली केंप आणि बी. चोप्रा यांनी केली, ती याच संस्थेतून झाली होती. आजही भारतीय गुहाजीवनावर काम करणाऱ्याला तिच्यापासूनच वाचायला सुरुवात करावी लागते.

एक कळकळीची विनंती. मनात योजलेले नाव या चर्चेत किंवा इतरत्र कोठेही जाहीर करू नका. असे नाव संहितेनुसार प्रकाशित ठरत नाही, पण ते याद्यांत शिरते आणि वर्णनाविना फिरत राहते. मग ते निस्तरायला कित्येक वर्षे जातात.

एका मादीवरून वर्णन करण्याला संहितेची हरकत नाही. माझी आहे. क्थोनिइडेमध्ये नर आणि मादी यांच्या मापांत फरक असतो आणि एकाच जातीतील व्यक्तींमध्येही थोडाफार फरक पडतो. एका व्यक्तीच्या मापांवरून जातीची मर्यादा आखली, तर शेजारच्या गुहेतील किंचित आखूड चिमट्याचा तिचाच भाऊ उद्या आणखी एक ‘नवी जाती’ म्हणून वर्णिला जाईल.

उत्तर ५ : अष्टपाद

नमुनापालांनी सांगितल्यावर मला थोडेच सांगायचे उरले आहे. ‘ब’ आणि ‘क’ यांच्या दातांतील फरक मला महत्त्वाचा वाटतो, पण बोट लांबले की दातही वाढतात आणि विरळ होतात. त्यामुळे तो फरक कदाचित स्वतंत्र लक्षण नसून बोट लांबण्याचाच परिणाम असेल. हे तपासायचे असेल तर दातांची निव्वळ संख्या न देता बोटाच्या लांबीच्या प्रमाणात ती मांडा, आणि टोकाकडचे दात व बुंध्याकडचे दात वेगवेगळे मोजा.

दोन्हींचा एकेक पाय वापरून माइटोकाँड्रियातील सीओआय जनुकाचा नेहमीचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घ्या. ‘अ’चाही घ्या, पिल्लाला आकारावरून जोडण्यापेक्षा जनुकावरून ‘ब’शी जोडता आले, तर वर्णनात अपक्व अवस्थेचीही माहिती देता येईल. मात्र सीओआयमधील फरक मोठा आला म्हणून लगेच दोन जाती मानू नका. गुहांतील कळप लहान आणि दीर्घकाळ अलग असतात, त्यामुळे या एका जनुकात एकाच जातीच्या दोन गुहांतही खोल दरी दिसू शकते. केंद्रकातील निदान एक जनुक जोडीला असावे.

आणि गुहेच्या तोंडापासून ४०० मीटरपर्यंतचा जो पट्टा तुम्ही चालत गेलात, तेथे काहीच शोधले नाही का? मंद उजेड संपतो तेथील ओल्या भिंतींच्या पायथ्याशी लहान डोळ्यांचे, मधल्या लांबीच्या चिमट्यांचे छद्मविंचू मिळाले, तर ‘ब’ आणि ‘क’ ही एकाच जातीची दोन टोके असण्याची शक्यता वाढेल. ‘ब’ आणि ‘क’ एकमेकांच्या अगदी जवळ, पण मधला एकही नमुना न येता मिळत राहिले, तर दोन जाती मानायला भक्कम आधार मिळेल.

पुढील नोंद : मेघगुहा

त्या पट्ट्यात मी खरोखरच काही शोधले नव्हते. खोल अंधारात पोहोचण्याची घाई होती. पावसाळ्यात ही गुहा पाण्याने भरते, त्यामुळे आता पुढच्या फेब्रुवारीतच आत जाता येईल. त्या वेळी तोंडापासून दर २५ मीटरवर ठरावीक वेळ शोध घेईन आणि बाहेरील पालापाचोळ्याचेही तेवढेच नमुने चाळीन. तोपर्यंत ‘ब’ आणि ‘क’चे पाय जनुकीय तपासणीसाठी पाठवत आहे, आणि तिन्ही बाटल्यांत गुहेचे नाव, अंतर, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव असलेली पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आजच घातली आहे. निकाल आले की याच धाग्यात कळवीन.